तीन तासांची मैफल एका डीव्हीडीत: टीव्हीवरून रेकॉर्ड केलेले लांब कार्यक्रम बसवायचे कसे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी हे काम सुरू झालं ते आत्यासाठी. डीडी भारतीवर तिला ऐकायच्या मैफली नेमक्या तिच्या झोपेच्या वेळी लागतात. सेट टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग मी करू शकते, पण आत्याच्या खोलीतला टीव्ही जुना, चौकोनी. त्याला जोडलेला डीव्हीडी प्लेअर तिला नीट चालवता येतो, मोबाइलच्या पडद्यावरचं मात्र दिसत नाही. तेव्हा डीव्हीडीच करायची हे ठरलेलं.

पहिली डिस्क मी बाजारातल्या एका दुकानातून करून आणली. सहा तासांचं रेकॉर्डिंग त्यांनी एकाच डिस्कवर कोंबलं होतं. गायकाच्या चेहऱ्याचे चौकोन झाले, तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता, आणि भैरवी सुरू होते न होते तोच डिस्क संपली. आत्याने ती काढून माझ्या हातात ठेवली. “अगं, ग्वाल्हेरात बसून असं गाणं ऐकायचं?” एवढंच म्हणाली. ते मला लागलं. त्यानंतर हे काम मी घरी, स्वतः शिकून करते आहे. मालिका असो, कीर्तन असो, नाटक असो, रीत एकच. जागा आधी निवडीने आणि कापणीने करायची; दाबून बसवणं सगळ्यात शेवटी.

हिशेब आधी

ब्लँक डीव्हीडीच्या वेष्टणावर ४.७ जीबी छापलेलं असतं. तो आकडा हजाराच्या पटीतला, म्हणजे ४७० कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तीच डिस्क तिथे ४.३८ जीबी दिसते. कॉम्प्युटरवर ४.५ जीबी दिसणारी फाइल ‘४.७ च्या डिस्कवर सहज मावेल’ असं वाटतं आणि ती मावत नाही, ते याचमुळे. वेष्टणावर १२० मिनिटं असंही लिहिलेलं असतं. त्या आकड्यात फार अडकू नका. डिस्कवर किती मिनिटं बसतील हे दर सेकंदाला किती माहिती वापरली त्यावर, म्हणजे बिटरेटवर, ठरतं.

हा बिटरेट काढायला मी एक सोपा भागाकार वापरते. मेनू आणि बारीकसारीक गोष्टींसाठी थोडी जागा राखून डिस्कवर साधारण ४,५०० एमबी धरायचे. त्याचे मेगाबिट करून (म्हणजे ८ ने गुणून) ६० ने भागलं की ६०० येतात. म्हणून ६०० ला एकूण मिनिटांनी भागा. येईल तो आकडा म्हणजे चित्र आणि आवाज मिळून मिळणारे मेगाबिट दर सेकंदाला. दोन तासांना ५, अडीच तासांना ४, तीन तासांना ३.३, चार तासांना २.५, सहा तासांना जेमतेम १.७. दुकानातल्या त्या डिस्कचं काय झालं होतं ते या शेवटच्या आकड्यावरूनच मला उमगलं.

डबल लेअरची ८.५ जीबीची डिस्क मिळाली तर ६०० ऐवजी १,०८० धरा. पण ती महाग पडते, दुकानात सहज मिळत नाही, आणि जुने प्लेअर थर बदलताना अडखळतात. मला विचाराल तर दोन साध्या डिस्क बऱ्या.

रेकॉर्डिंग कुठून आलं ते पाहा

डीडी फ्री डिशच्या बहुतेक साध्या बॉक्सना यूएसबी असतं आणि रिमोटवर रेकॉर्डचं बटण असतं. त्यावर रेकॉर्ड केलेली फाइल टीएस प्रकारची निघते आणि कॉम्प्युटरवर सरळ उघडते. सह्याद्री किंवा डीडी भारतीचे कार्यक्रम मी असेच घेते. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, म्हणून लांब मैफलीचे दोन-तीन तुकडे होऊन येतात. घाबरू नका, ते जोडता येतात. फक्त तुकड्यांची नावं बदलू नका, क्रम चुकतो.

पैसे भरून घेतलेल्या डिश कनेक्शनच्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग बहुधा कुलूपबंद असतं. ते त्याच बॉक्सवर दिसतं, कॉम्प्युटरवर उघडत नाही. तिथे बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही वायरी यूएसबी कॅप्चरच्या छोट्या डबीला लावायच्या आणि तीन तासांचा कार्यक्रम तीन तास चालवून उतरवून घ्यायचा. अशा चित्रात बारीक कणकण येते. डोळ्याला ती फारशी जाणवत नाही, पण एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लिहिणारा प्रोग्रॅम, प्रत्येक कणासाठी जागा खर्च करतो. त्यासाठी अ‍ॅव्हिडेमक्स या प्रोग्रॅममधला (तो पुढे कापणीलाही लागतो) कण कमी करणारा फिल्टर हलक्या हाताने लावा. जास्त लावला तर चेहरे मेणाचे दिसू लागतात.

कायद्याचंही सांगून ठेवते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात खासगी, वैयक्तिक वापरासाठी उचित वापराची मुभा आहे. आत्यासाठी घरात केलेली डिस्क घरातच ठेवायची. तिच्या प्रती काढून विकणं किंवा वाटणं त्यात बसत नाही.

कापणी

अ‍ॅव्हिडेमक्स हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्यासाठी पुरेसा आहे. पहिली फाइल उघडा, पुढचे तुकडे ‘अपेंड’ करून जोडा. खाली चित्राचा आणि आवाजाचा प्रकार निवडायची जागा असते, तिथे दोन्हीकडे ‘कॉपी’ ठेवा. म्हणजे चित्र पुन्हा दाबलं जात नाही, नुसतं कापलं जातं. वरच्या-खालच्या बाणाने एका की-फ्रेमवरून (म्हणजे पूर्ण लिहिलेल्या चित्रावरून) दुसऱ्या की-फ्रेमवर जाता येतं. जाहिरात सुरू होते तिथे ‘ए’ खूण, संपते तिथे ‘बी’ खूण, मग डिलीट. कॉपी करून कापायचं असेल तर कापणी की-फ्रेमवरच हवी. एमपीईजी-टू या चित्र दाबायच्या जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात की-फ्रेम साधारण अर्ध्या सेकंदाला येते, त्यामुळे फार तर एखादा शब्द इकडे-तिकडे होतो.

मालिकेत इथेच सगळ्यात मोठी जागा सुटते. अर्ध्या तासाचा भाग जाहिराती, ‘मागील भागात’ आणि शेवटची नावं काढल्यावर साधारण २२ मिनिटांचा उरतो. दहा भाग म्हणजे पाच तासांची २२० मिनिटं झाली. ६०० भागिले ३०० केलं तर २ मेगाबिट येत होते, आता २.७ मिळाले, आणि तेही एकही बिट न दाबता.

मैफलीला हा नियम लावू नका. तानपुरे जुळवणं, गायकाने साथीदाराकडे बघून मान डोलावणं, दोन बंदिशींमधलं खाकरणं हे सगळं मैफलीचं अंग आहे. मी फक्त निवेदकाची लांबलचक ओळख आणि वाहिनीच्या सूचना काढते. सुरुवातीला मी वेळ वाचवायला स्वर जुळवण्याची दोन मिनिटं उडवली होती. आत्याने लगेच विचारलं, “हे मधूनच का सुरू झालं?”

रेकॉर्डिंगच्या वेळी पाऊस असेल तर डिशचा सिग्नल तुटतो आणि चित्र काही क्षण फुटतं. अशा फाइलमध्ये तुटलेल्या जागेपासून आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे होत जातात. प्रोजेक्ट-एक्स नावाचा जुना, जावावर चालणारा प्रोग्रॅम अशी फाइल तपासतो, तुटलेल्या जागा जुळवून चित्र आणि आवाज वेगळे काढून देतो. पावसाळ्यातलं रेकॉर्डिंग मी कापायच्या आधी त्यातून काढतेच.

पुन्हा एन्कोड करायची गरज आहे का?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि म्हणूनच चांगलं चित्र उगाच खराब होतं. डीव्हीडीच्या चित्राचा प्रकार एमपीईजी-टू आहे, आणि फ्री डिशच्या जुन्या पद्धतीच्या वाहिन्याही एमपीईजी-टूच देतात. त्यांचा बिटरेट पुष्कळदा ३ मेगाबिटच्या आसपास असतो. ३ मेगाबिटने तासाला १.३५ जीबी होतात, म्हणजे तीन तासांची मैफल काहीही न दाबता डिस्कवर मावते.

मीडिया-इन्फो या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाका आणि तीन गोष्टी बघा. चित्र एमपीईजी-टू आहे का? आकार ७२० बाय ५७६, ७०४ बाय ५७६ किंवा ३५२ बाय ५७६ आहे का? कापलेली फाइल विंडोजमध्ये ४.२ जीबीच्या आत आहे का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर अ‍ॅव्हिडेमक्समध्ये चित्र-आवाज ‘कॉपी’ ठेवून एमपीईजी-पीएस प्रकारात सेव्ह करा आणि थेट मेनूच्या कामाला लागा. काही वाहिन्या ५४४ बाय ५७६ असा आकार वापरतात. तो डीव्हीडीला चालत नाही, तो पुन्हा एन्कोड करावाच लागतो. एमपीईजी-फोरच्या वाहिन्यांचंही तसंच.

एन्कोड करायचंच असेल तर

कोणता कार्यक्रम किती दाबता येतो हे मिनिटांइतकंच त्यातल्या हालचालीवर अवलंबून असतं. एन्कोडर मागच्या चित्रापेक्षा पुढच्या चित्रात काय बदललं तेवढंच मुख्यतः लिहितो. गायक मांडी घालून बसलेला, मागे एकच पडदा, कॅमेरा स्थिर: बदलतो तो हात, चेहरा आणि तबल्यावरची बोटं. अशा मैफलीला ३ मेगाबिट भरपूर होतात. मालिकेत दर दोन-चार सेकंदांनी दृश्य बदलतं, तिला जास्त लागतात. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि हिरवळीचं पानन्‌पान सरकतं, तिथे ५ च्या खाली मी जात नाही. नाटकाचं मधलं. काळोखा रंगमंच फसवा असतो, कमी बिटरेटला काळ्या भागात पट्टे आणि चौकोन आधी दिसतात.

माझ्या अनुभवाने, ६०० चा भागाकार ४ किंवा वर आला तर पूर्ण ७२० बाय ५७६. ३ ते ४ मध्ये असेल तर मैफल पूर्ण आकारात, मालिकेचं बघून ठरवा. २ ते ३ मध्ये ३५२ बाय ५७६ घ्या. यात आडवी बारीकी निम्मी होते, पण तेवढ्याच बिटमध्ये चौकोन पडत नाहीत. आत्याच्या जुन्या टीव्हीवर मी दोन्ही डिस्क शेजारी लावून पाहिल्या. २.५ मेगाबिटला निम्म्या रुंदीचं चित्र थोडं मऊ दिसलं, पूर्ण रुंदीचं डोळ्याला टोचत होतं. २ च्या खाली आलात तर दुसरी डिस्क काढा. ३५२ बाय २८८ हा आकारही प्लेअरला चालतो, पण तो मी फक्त बातम्या आणि भाषणांना वापरेन.

निम्म्या रुंदीत एक खाचखळगा आहे. डीव्हीडीच्या नियमांत १६:९ असं रुंद चित्र फक्त ७२० आणि ७०४ रुंदीलाच धरलेलं आहे. ३५२ ला ४:३, म्हणजे चौकोनी चित्रच. रुंद कार्यक्रम तसाच ३५२ मध्ये घातला तर काही प्लेअरवर माणसं लांबुडकी दिसतात. अशा वेळी वर-खाली काळ्या पट्ट्या घालून ४:३ चं चित्र करा, किंवा भाग कमी करून ७२० ला राहा.

टीव्हीचं साधं चित्र बहुधा इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका चित्राच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी येतात. उंची ५७६ च ठेवणार असाल तर ते तसंच इंटरलेस्ड ठेवा आणि ‘टॉप फील्ड फर्स्ट’ निवडा. डीइंटरलेस करून हालचाल खडबडीत करू नका. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कडांना दिसणाऱ्या रेघोट्या आत्याच्या टीव्हीवर दिसणार नाहीत.

आणि दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग करा. अ‍ॅव्हिडेमक्समध्ये एमपीईजी-टू एन्कोडर निवडून ‘टू पास’ आणि हवा तो सरासरी बिटरेट भरा. पहिल्या फेरीत प्रोग्रॅम नुसतं पाहतो, कुठे हालचाल जास्त आहे ते टिपतो. दुसऱ्या फेरीत स्थिर आलापाची जागा काढून द्रुत तानेला देतो. वेळ दुप्पट लागतो. रात्री लावून झोपा. कमाल बिटरेट मी ८ मेगाबिटवर बांधते. डीव्हीडीच्या चित्राची मर्यादा ९.८ आहे, पण जुना प्लेअर त्या टोकाला दमतो.

आवाजाला उपाशी ठेवू नका

दुकानातल्या डिस्कवर तानपुरा पाण्यात बुडाला होता, तो आवाजाचा बिटरेट कापल्यामुळे. चित्रासमोर आवाज अगदी थोडी जागा खातो, आणि तोच लोक आधी कापतात. मालिकेला १९२ किलोबिट पुरे. गाण्याला २५६. तीन तासांच्या मैफलीचा हिशेब करून पाहा: एकूण ३.३३ मेगाबिटमधून ०.२५६ आवाजाला दिले, चित्राला ३.०७ उरले. चित्राला हे कळतही नाही.

त्याउलट एलपीसीएम हा न दाबलेला आवाज निवडू नका. त्याला १,५३६ किलोबिट लागतात, म्हणजे तीन तासांत २.०७ जीबी. जवळजवळ अर्धी डिस्क आवाजातच जाईल. प्रक्षेपणातला आवाज एमपी-टू प्रकारचा आणि ४८ किलोहर्ट्झचा असेल तर त्याला हातच लावू नका, ‘कॉपी’ ठेवा. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या प्लेअरना तो चालतो. बदलावाच लागला तर एसी-थ्री हा डीव्हीडीला चालणारा दाबलेल्या आवाजाचा प्रकार करा.

मेनू आणि प्रकरणं

हे काम डीव्हीडी-स्टायलर करतं, तेही फुकट आहे. नवीन प्रोजेक्टमध्ये पाल आणि ४.७ जीबी निवडा, फाइली ओढून आणा. प्रत्येक फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये चित्र आणि आवाज ‘कॉपी’ करा, नाहीतर तो ते पुन्हा एन्कोड करतो आणि रात्रभराची मेहनत वाया जाते. घाईत असाल, दोन फेऱ्या नको असतील, तर याच प्रोग्रॅमला बिटरेट ‘ऑटो’वर ठेवून सगळं बसवायला सांगता येतं. मालिकेला ते ठीक आहे.

मैफलीची प्रकरणं, म्हणजे रिमोटने उडी मारायच्या जागा, मी मिनिटांवर टाकत नाही. आमच्या ग्वाल्हेर गायकीत बडा ख्याल, मग छोटा ख्याल, तराणा, कधी टप्पा असा ओघ असतो. त्या त्या ठिकाणी प्रकरण. आत्याला टप्पा पुन्हा ऐकायचा असला की पुढचं बटण तीनदा दाबते आणि तिथे पोचते. मेनूत मोठ्या अक्षरांत चार ओळी, हलणारं चित्र नाही, मागे संगीत नाही.

दोन डिस्क करायच्या असतील तर तोड कुठे घालायची ते जागेवर सोपवू नका. पहिली डिस्क ३ जीबीच भरली तरी चालेल, पण राग पुरा झाल्यावरच थांबा. मालिकेचे दहा भाग कोंबण्यापेक्षा आठ घ्या: १७६ मिनिटं, ३.४ मेगाबिट.

राइट करताना

डीव्हीडी-स्टायलरमधून थेट डिस्क न लिहिता आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवा. ती विंडोजमध्ये ४.३ जीबीच्या वर गेली असेल तर परत मागे जा. व्हीएलसीमध्ये उघडून मेनू, प्रकरणं, शेवट तपासा. मग इमगबर्न या डिस्क लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ८एक्स वेग ठेवा आणि ‘व्हेरिफाय’ची खूण चालू ठेवा. लिहायला दहा मिनिटांच्या आसपास आणि तपासायला साधारण तेवढीच लागतात. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल नेम नाही, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज झाल्यावरच मी राइट करते. अर्ध्यात तुटलेली डिस्क पुन्हा लिहिता येत नाही.

जुन्या प्लेअरला डीव्हीडी-आर सहसा बरी चालते. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क कमी प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे काही प्लेअर ती ओळखतच नाहीत. ती स्वतःच्या चाचणीपुरती ठेवा. कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना तोल जातो. सीडीवर लिहायच्या मऊ टोकाच्या पेनने नाव आणि तारीख लिहा. आणि डिस्क माळ्यावर टाकू नका. मे महिन्यात आमच्या माळ्यावर हात ठेववत नाही, आणि लिहिलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णता सोसत नाही. कपाटात, डबीत, उभ्या.

पेनड्राइव्हवरची मूळ फाइल एवढ्यात पुसू नका. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि भरलेल्या डिस्कवर दोष दिसतात ते बहुधा बाहेरच्या कडेला, म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी. भैरवी नेमकी तिथे असते. म्हणून डिस्क निघाली की ती आत्याच्याच प्लेअरमध्ये लावते आणि सरळ शेवटच्या प्रकरणावर जाते. आत्या पलंगावर उठून बसते. भैरवी पूर्ण होऊन टाळ्या संपेपर्यंत आम्ही दोघी ऐकतो, मगच मी पेनड्राइव्ह रिकामा करते.